लोखंड शेवटी बघा

भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत आज एखादा तरी जॉबवर्कवाला मोबाइलवर जुन्या फाइव्ह अ‍ॅक्सिस मशीनचे फोटो दाखवताना भेटतो. फोटोत मशीन धुऊनपुसून चकचकीत केलेलं, शेजारी पॅलेट पूल, लोड-अनलोडला रोबोट, शंभरेक टूलचं मॅगझिन आणि खाली नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याची किंमत. मग ठरलेला प्रश्न येतो, "स्पिंडल किती तास चाललाय?" प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. साधं व्हीएमसी घेताना स्लाइड, स्पिंडल आणि बॉलस्क्रू बघितले की निम्म्याहून अधिक तपासणी उरकते. ऑटोमेशनसकट फाइव्ह अ‍ॅक्सिस घेताना सौदा फसतो तो बहुधा न दिसणाऱ्या गोष्टींवर. मशीन हलवायची परवानगी, कंट्रोलमध्ये चालू असलेली ऑप्शन्स, पॅलेट सेलच्या पीसीतलं सॉफ्टवेअर, मूळ कंपनी या मशीनला अजून दारात उभं करते की नाही, या त्या गोष्टी. स्पिंडल पैसे मोजून नवा बसवता येतो. परवानगी मिळाली नाही, तर दहा टनांचं मशीन शेडमध्ये जागा अडवून बसतं.

त्याआधी स्वतःच्या कामाकडे एकदा नीट बघा. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेलं व्हॉल्व्हचं किंवा पंपाचं कास्टिंग एका सेटिंगमध्ये पाच बाजूंनी मारायचं असेल, तर टेबल हव्या त्या कोनात वळवून लॉक करायचं आणि पुढचं काम तीन अक्षांत करायचं, एवढं पुरतं. शॉप फ्लोअरवर याला थ्री प्लस टू म्हणतात, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फाइव्ह अ‍ॅक्सिस मशीनवर दिवसभर हेच चालतं. इम्पेलर, टर्बाइनची पाती, खोल डायचे वळणदार खळगे असतील तरच पाचही अक्ष एकाच वेळी फिरावे लागतात. हा फरक किमतीत, कंट्रोलमध्ये आणि कागदपत्रांत सगळीकडे आडवा येतो, म्हणून आधीच ठरवून टाका. थ्री प्लस टूवर भागत असेल, तर ज्योती किंवा बीएफडब्ल्यूकडून नव्या मशीनचं लेखी कोटेशन घेऊन मगच जुन्याचे फोटो चाळायला बसा. जुन्याचा एकूण खर्च नव्याच्या सत्तर टक्क्यांवर जायला लागला की मी नव्याच्या बाजूने कौल देतो. त्या हिशेबात मशीनच्या किमतीशिवाय आणखी काय काय धरायचं, ते पुढे येईलच.

पहिला फोन मूळ कंपनीला

पाच अक्ष एकाच वेळी चालवणारी मिलिंग मशीनं आंतरराष्ट्रीय निर्यात-नियंत्रणाच्या यादीत येतात. ज्या मशीनवर पंपाचा इम्पेलर होतो, त्यावरच क्षेपणास्त्राचे आणि पाणबुडीचेही भाग होऊ शकतात. १९८७ मध्ये तोशिबा मशीन या जपानी कंपनीने नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे कंट्रोल लावलेली, पाणबुडीचे पंखे कापणारी अजस्र मशीनं सोव्हिएत संघाला विकल्याचं उघडकीस आलं. तोशिबा मशीनच्या पालक कंपनीच्या, म्हणजे तोशिबाच्या, चेअरमन आणि प्रेसिडेंट दोघांनाही पद सोडावं लागलं, आणि अमेरिकी संसदेच्या हिरवळीवर खासदारांनी तोशिबाचा रेडिओ घणाने फोडून दाखवला. तेव्हापासून जपानी मशीनवाले या बाबतीत जरा जास्तच सावध असतात, आणि ते समजण्यासारखं आहे.

भारत डिसेंबर २०१७ मध्ये निर्यात-नियंत्रणाच्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला. म्हणून परवाना माफ झाला असं कोणी दलाल सांगत असेल तर हसून सोडून द्या. जर्मनीतून मशीन निघताना तिथल्या बाफा या कार्यालयाचा परवाना लागतो का, जपानमधून निघताना तिथल्या अर्थ-व्यापार मंत्रालयाचा लागतो का, हे मशीनची अचूकता आणि अक्ष बघून ठरतं. लागत असेल तर तुमच्याकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागितलं जातं: काय बनवणार, कुणासाठी, कुठे. हा अर्ज विकणाऱ्याने करायचा असतो. त्याला त्याची सवय नसेल, तर महिने जातात.

याहून अडचणीची गोष्ट मशीनच्या पोटात असते. मोरी सेकी, माझाक अशा जपानी कंपन्यांच्या अनेक मशीनमध्ये मशीन जागेवरून हलल्याचं ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. मशीन उचललं, ट्रकवर चढवलं, नव्या शेडमध्ये उतरवून वीज दिली की पडद्यावर संदेश येतो आणि अक्ष हलायचं नाव घेत नाहीत. कंपनीचा माणूस नवी जागा आणि नवा मालक तपासतो, कोड देतो, तेव्हाच मशीन उठतं. हा कोड बाजारात विकत मिळत नाही. कुणी "आमचा एक पोरगा आहे, तो बायपास करतो" असं म्हणालं, तर त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

तेव्हा विकणाऱ्याकडून सगळ्यात आधी मागायचा तो फक्त नंबरप्लेटचा फोटो, सीरियल नंबर स्वच्छ वाचता येईल असा. तो मूळ कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला ई-मेलने पाठवा आणि चार गोष्टी लेखी विचारा. मशीन मूळ कुणाला विकलं होतं, ते भारतात तुमच्या पत्त्यावर बसवायला आणि अनलॉक करायला कंपनी तयार आहे का, त्याचे किती पैसे, आणि या मॉडेलचे कुठले सुटे भाग आता मिळत नाहीत. उत्तर यायला वेळ लागतो, आणि दलाल रोज सांगत राहतो की दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन दारात बसलंय. बसू द्या.

मशीन भारतातच मिळतंय, बेंगळुरूच्या एखाद्या एरोस्पेस सप्लायरकडून किंवा चाकणमधून, म्हणून हा भाग गाळता येत नाही. पहिल्या मालकाने आयात करताना कंपनीला सहसा लिहून दिलेलं असतं की संमतीशिवाय मशीन दुसऱ्याला देणार नाही. तो कागद त्याच्या फायलीत सापडतो का बघा, आणि संमतीचं पत्र त्याच्याच लेटरहेडवरून मागवा.

कंट्रोलमध्ये काय चालू आहे

बाहेरून पाच अक्ष दिसतात म्हणून आत पाच अक्ष एकत्र चालतातच असं नाही. फानुकचा ३१आय-बी एका वेळी चार अक्ष चालवतो, ३१आय-बी५ पाच. कॅबिनेटवरच्या लेबलात फरक एवढ्या एका आकड्याचा. हायडेनहाइनच्या टीएनसी ६४० ची निर्यातीसाठीची वेगळी आवृत्ती असते, तिच्या नावापुढे ई हे अक्षर असतं आणि तीही एका वेळी चारच अक्ष हलवते. टूलचं टोक जॉबवर स्थिर ठेवून टेबल फिरवणारं फंक्शन हायडेनहाइनवर एम१२८ किंवा टीसीपीएम, सीमेन्सवर ट्राओरी, फानुकवर जी४३.४ अशा नावांनी येतं, आणि ते बहुतेक ठिकाणी पैसे भरून चालू करायचं ऑप्शन असतं. पहिल्या मालकाने थ्री प्लस टूच केलं असेल, तर त्याने ते कधी घेतलेलंच नसेल. ऑप्शनचं पान पडद्यावर उघडून फोटो पाठवायला सांगा. विकणाऱ्याने नुसतं तोंडी "सगळं आहे" म्हणणं उपयोगाचं नाही.

सीमेन्सच्या ८४०डी एसएलमध्ये परवाने आतल्या सीएफ कार्डाच्या नंबराला बांधलेले असतात. कार्ड हरवलं किंवा कुणी सुटं काढून विकलं, की परवान्यांसाठी पुन्हा सीमेन्सच्या दारात जावं लागतं. फानुकमध्ये वेगळी चिंता. तिथे पॅरामीटर बॅटरीच्या जिवावर राहतात. मशीन गोदामात वीज तोडून पडून असेल आणि बॅटरी उतरली, तर मेमरी पुसली जाते आणि अक्षांचा झिरोही जातो. मूळ पॅरामीटरशीट कॅबिनेटच्या दाराला प्लास्टिकच्या पाकिटात लावलेली असते. ती आहे का आणि कंट्रोलचा पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर मिळतो का, हे सौद्याच्या कागदात लिहून घ्या.

ऑटोमेशनचा भाग याहून नाजूक. पॅलेट पूल किंवा रोबोट सेल चालवणारा एक वेगळा पीसी असतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सेलमध्ये त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असतं, मागे यूएसबीला सॉफ्टवेअरचा डोंगल लटकलेला असतो, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड एका निवृत्त झालेल्या जर्मन फोरमनला माहीत असतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ पासून वाऱ्यावर सोडलंय. ती हार्डडिस्क बंद पडली तर नवा पीसी कुठेही मिळेल, पण त्या सेलचं कॉन्फिगरेशन कुठेही मिळणार नाही. म्हणून मशीन अजून विकणाऱ्याकडे चालू आहे तोवर त्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्या, दोन प्रती काढा, डोंगलचा फोटो काढा, पासवर्ड एका कागदावर सही करून घ्या. लिलावात असे सेल तुकड्यातुकड्यात विकले जातात. मशीन एका लॉटमध्ये, पॅलेट दुसऱ्यात, आणि टेबलावरचा तो मळकट पीसी ऑफिसच्या फर्निचरबरोबर जातो.

सेलमध्ये पॅलेट मोजून घ्या. प्रत्येक पॅलेट उलटं करून खालचे कोन आणि हवा फुंकायची भोकं बघा. टेकण्याच्या जागेवर एका बाजूलाच घासल्याची चकाकी असेल तर चक किंवा पॅलेट यांपैकी कोणीतरी नीट बसत नाही. खात्री करायची साधी रीत म्हणजे एकच पॅलेट सात-आठ वेळा आत-बाहेर करायचं आणि दर वेळी त्याच ठिकाणी डायल लावायचा. काटा पाच मायक्रॉनच्या आत खेळला तर उत्तम. दहाच्या पुढे गेला तर रात्रपाळीला माणसाशिवाय मशीन चालवायचं स्वप्न तूर्तास बाजूला ठेवा.

आता लोखंड

तासांबद्दल एक हिशेब. वर्षाचे तास ८,७६०. दोन पाळ्यांत चालणारं साधं व्हीएमसी त्यातले तीन-साडेतीन हजार तास कापतं. पॅलेट पूल असलेलं, रात्री दिवे मालवून चालणारं मशीन सहा हजारांपुढे सहज जातं. म्हणजे २०१६ चं ऑटोमेशनवालं मशीन २००८ च्या एकट्या मशीनपेक्षा म्हातारं असू शकतं. पण म्हातारं म्हणजे वाईट असं मी धरत नाही. सतत एकाच तापमानाला चालणारं, ठरलेलेच चार जॉब करणारं मशीन कमी ठोकलं जातं. दर आठवड्याला नवा जॉब, नवा सेटर आणि घाईची ड्राय रन असेल, तर कमी तासांतही टेबलाचं बेअरिंग मार खातं. वीज चालू असलेले तास, प्रोग्राम चाललेले तास आणि स्पिंडलचे तास असे तीन वेगळे आकडे पडद्यावर मिळतात. तिन्हींचं प्रमाण एकमेकांशी जुळत नसेल तर कंट्रोल किंवा स्पिंडल बदलला आहे का, ते विचारा. बदलल्याचं बिल असेल तर फारच छान.

मशीन बघायला जाल तेव्हा एकच चाचणी करायला वेळ मिळाला, तर ही करा. किमान तासभर मशीन गरम होऊ द्या. स्पिंडलमध्ये टोकाला अचूक गोळा असलेला टेस्ट बार लावा आणि टूलची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत भरा. टेबलावर, मध्यापासून दीडशे-दोनशे मिलिमीटर बाहेर, मॅग्नेटिक स्टँडवर डायल बसवा आणि त्याचं टोक गोळ्याच्या पोटाला टेकवा. टीसीपीएम, ट्राओरी किंवा जी४३.४, जे असेल ते चालू करा आणि सी अक्ष अगदी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. टेबल फिरतं, एक्स आणि वाय त्याच्यामागे धावतात, आणि डायलचा काटा मात्र जागच्या जागी राहायला हवा. मग ए अक्ष शून्यापासून नव्वदकडे झुकवा. स्टँड घट्ट बसलाय ना आणि वाटेत काही आडवं येत नाही ना, हे आधी बघून घ्या, कारण टेबल उभं राहिलं की स्टँड सुटून खाली येऊ शकतो.

काटा किती हलला यापेक्षा कसा हलला, ते बघा. फेऱ्यात एकदा सावकाश वर आणि एकदा सावकाश खाली गेला, तर टेबलाचा मध्य कंट्रोलमध्ये भरलेल्या आकड्याशी जुळत नाही एवढंच. वीस-तीस मायक्रॉनची अशी चूक हायडेनहाइनच्या कायनेमॅटिक्सऑप्टने किंवा सीमेन्सच्या सायकल९९६ ने, प्रोब आणि कॅलिब्रेशनचा गोळा वापरून, काही तासांत काढता येते. पण दिशा उलटवताच काटा झटक्याने उडी मारत असेल, किंवा एकाच कोनाला दर वेळी अडखळत असेल, तर तो प्ले आहे. वर्म गिअर झिजलाय, बेअरिंगला मार बसलाय, नाहीतर क्लॅम्प नीट पकडत नाही. टॉर्क मोटरवर थेट चालणाऱ्या टेबलात वर्मची झीज हा प्रश्नच नसतो, म्हणून दोन मशीनमध्ये निवड असेल तर माझा कल तिकडे. तिथे बेअरिंग, एन्कोडर आणि मोटरचं कूलिंग मात्र बारकाईने तपासा. टेबलाचं बेअरिंग बदलायचं काम भारतात होतं, पण त्याची किंमत सौद्यातून वजा व्हायलाच हवी.

स्पिंडलचं थोडक्यात. टेपर पुसून तीनशे मिलिमीटरचा बार लावा. तोंडाशी दोन-तीन मायक्रॉन, टोकाला दहाच्या आसपास रनआउट असेल तर पुढे जा. एचएसके-ए६३ ची पकड नव्याला साधारण १८ किलोन्यूटन असते. मीटरवर ती बारा-तेराच्या खाली दिसली तर स्प्रिंगचा संच संपत आलाय. सर्वांत वरच्या आरपीएमला अर्धा तास फिरवून तापमान आणि आवाज बघा. थ्रू कूलंट असेल तर रोटरी युनियनखाली ओलावा आहे का, ते हात लावून बघा. बॉलबार उपलब्ध असेल तर तिन्ही पातळ्यांत मारून घ्या. विकणारा मोठी कंपनी असेल तर आयएसओ १०७९१-७ चा टेस्ट पीस कापून मागायला हरकत नाही. वे कव्हर, बेलो, चिप कन्व्हेअर हे खर्चाचे विषय आहेत, नकाराचे नाहीत.

वीज आधीच तोडलेलं मशीन असेल, तर यातलं काहीच तपासता येत नाही. मग किंमतही तशीच धरा, म्हणजे स्पिंडल आणि टेबल दोन्ही गेलेले आहेत असं समजून.

आणणं आणि बसवणं

परदेशातून आणताना सीमाशुल्क खातं बिलावरची किंमत जशीच्या तशी मान्य करेलच असं नाही. २०१५ च्या २५ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल लागतो, आणि तो मशीन तिकडे चालू असतानाच करून घेतला तर न्हावाशेवाला कंटेनर अडकून भाडं चढत नाही. ईपीसीजी या निर्यातदारांसाठीच्या आयात-सवलत योजनेखाली जुनी यंत्रसामग्री आणता येत नाही, तेव्हा निर्यातदार असाल तरी ती सवलत हिशेबात धरू नका. १८ टक्के आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी भरावे लागतात. नव्या मशीनवर काही उद्योगांना मिळणारा २० टक्क्यांचा जादा घसाराही इथे नाही, कारण मशीन आधी वापरलेलं आहे. साधा १५ टक्के मिळतो. बँकेचा मूल्यांकनवाला मशीनचं वय बघून कर्ज कमी धरतो, म्हणून सीएला आणि बँक मॅनेजरला टोकन देण्याआधीच भेटा. नियम बदलत राहतात, तेव्हा क्लिअरिंग एजंटकडून त्याच आठवड्याची स्थिती विचारून घ्या.

काढताना मूळ ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट लावलेच पाहिजेत, फिरत्या टेबलाला तर आधी. ते हरवले असतील तर बनवून घ्या. लाकडी ठोकळ्यावर भागवू नका, समुद्रात महिनाभर हेलकावे बसतात. जर्मन मशीन ४०० व्होल्टचं, आपल्या ४१५ वर ते चालतं. जपानमधून आलेलं २०० व्होल्टचं असतं आणि त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. फाउंडेशन कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणेच करा. काच-पट्टीच्या स्केलमध्ये हवा फुंकली जाते, तेव्हा कॉम्प्रेसरला ड्रायर आणि बारीक फिल्टर नसेल तर पावसाळ्यात स्केल आंधळे होतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये मायक्रॉनच्या गोष्टी करू नयेत. मशीनपुरती तरी बंद, थंड जागा करा. मशीनच्या किमतीच्या पंचवीस ते तीस टक्के रक्कम या सगळ्यासाठी आणि कॅमच्या पोस्ट-प्रोसेसरसाठी वेगळी काढून ठेवा. प्रोग्रामर मिळवायचा असेल तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेली मुलं शोधा, आणि मशीन येण्याच्या आधी कामावर घ्या.

पैसे देण्याचा क्रम असा ठेवा. कंपनीचं पत्र आल्यावर टोकन, डायलची चाचणी झाल्यावर मोठा हप्ता, आणि दहा टक्के तुमच्या शेडमध्ये अनलॉक होऊन पहिला जॉब निघाल्यावर. लिलावात हे जमत नाही, तिथे बोली त्या मानाने खाली लावायची. पहिले दोन-तीन महिने रात्री मशीन माणसाशिवाय सोडू नका. त्या काळात येणारा प्रत्येक अलार्म नंबर, वेळ आणि पॅलेटसकट एका वहीत लिहायला ऑपरेटरला सांगा. सर्व्हिस इंजिनिअर आला की चहाच्या आधी ती वही त्याच्या हातात द्या, कारण त्याच्या दिवसाचं बिल विमानाच्या तिकिटापासून सुरू होतं.